नकाशा कुणाच्या मांडीवर

आमच्या संकुलात मराठी घरं सहा, आणि धड चालणारा व्हीसीआर एकाच घरी. सांगली, डोंबिवली, नागपूर, कोल्हापूर अशा गावांहून दोन-दोन सुटकेसा घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला उतरलेली ही घरं. मी आलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो, साल १९९०. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांच्या आया एका स्वयंपाकघरात पोळ्या लाटत, बाबालोक दुसऱ्या घरी ग्रीन कार्डाची रांग किती सरकली याचा हिशेब करत, आणि आम्ही अकरा मुलं व्हीसीआरवाल्या काकूंच्या दिवाणखान्यात गालिच्यावर पसरलेलो. कॅसेट सार्वजनिक वाचनालयातली. डिस्नेच्या कॅसेटी पांढऱ्या, जाडजूड, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत असत. त्या पेटीचा उघडतानाचा ‘टक्’ असा आवाज आजही ऐकला तर मला पोळ्यांचा वास येतो.

‘अ गूफी मूव्ही’ अशाच एका शुक्रवारी आली. एप्रिल १९९५ मध्ये ती थिएटरात लागली, तेव्हा आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. तिकिटावर पैसे घालायचे ते ‘लायन किंग’साठी आदल्या वर्षी घालून झाले होते, आणि जूनमध्ये ‘पोकाहाँटस’ येणार होता. त्या दोन भव्य चित्रपटांच्या मधोमध ही लहानशी गोष्ट आली. केविन लिमा या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि चित्रांचं बरंचसं काम डिस्नेच्या मुख्य स्टुडिओत नव्हे, तर पॅरिस आणि सिडनीच्या शाखांत झालेलं. समीक्षकांनी फारशी दखल घेतली नाही. आम्हाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं, की पडद्यावर एक बाप आहे, मुलगा आहे, जुनी गाडी आहे आणि नकाशा आहे. म्हणजे आमचंच घर.

गूफी आम्हाला आधीपासून माहीत होता. १९३२ पासून मिकीच्या आगेमागे धडपडणारा, लांब कानांचा, मोठ्या बुटांचा भोळा गूफी. इथे मात्र तो कुणाचा तरी बाप होता. दुकानात लहान मुलांचे फोटो काढायची नोकरी करतो आणि मॅक्स नावाच्या मुलाला एकट्याने वाढवतो. आई कुठे आहे हे चित्रपट सांगत नाही. मॅक्स शाळेच्या शेवटच्या दिवशी भर सभेत पॉवरलाइन नावाच्या गायकाची नक्कल करून नाचतो, पकडला जातो, आणि मुख्याध्यापक गूफीला फोन करून असं काही भेदरवतात की पोरगं हातचं चाललं या धास्तीने गूफी सामान गाडीत टाकतो. जायचं कुठे, तर आयडाहोतल्या लेक डेस्टिनीला, मासे धरायला. तो स्वतः लहानपणी आपल्या वडिलांबरोबर तिथेच गेला होता. इकडे मॅक्सने रॉक्सॅन नावाच्या मुलीला थाप मारून ठेवलेली, की मी लॉस एंजेलिसला पॉवरलाइनबरोबर रंगमंचावर दिसेन.

चित्रपट सुरू होतो तो मॅक्सच्या दुःस्वप्नाने. रॉक्सॅनसमोर उभा असताना त्याचे दात पुढे येतात, कान लांबतात, आणि तोंडातून बापाचं ते खुळं हसू बाहेर पडतं. आपण आपला बाप होत चाललोय, हे त्याचं सर्वांत मोठं भय. त्या प्रसंगाला लहान मुलं खळखळून हसली. आम्ही चौदा-पंधराचे तिघं-चौघं हसलो नाही. माझा आवाज त्याच महिन्यांत फुटत होता, आणि फोनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडचे काका बाबांनाच बोलावं तसे बोलायला लागत.

मग ते पॉसम पार्क. रस्त्याकडेचं एक पडीक करमणुकीचं ठिकाण, जिथे गूफी लेकाला हौसेने नेतो आणि सगळ्यांसमोर नाचायला ओढतो. मॅक्स कानकोंडा होऊन पळतो. आमच्या प्रत्येकाकडे एकेक पॉसम पार्क होतं. माझं होतं पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवरचं विश्रांतिस्थळ. पिट्सबर्गच्या बालाजीला आम्ही वर्षातून एकदा जायचो. वाटेत चार बोगदे लागायचे, आणि प्रत्येक बोगदा संपेपर्यंत श्वास रोखून धरायचा अशी आम्हा मुलांची पैज असायची. बोगद्यांच्या अलीकडे कुठेतरी गाडी थांबायची. लाकडी टेबलावर ‘इंडिया अब्रॉड’चे जुने अंक पसरले जात. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीचं लोणचं, थर्मासमधला चहा. बाबा खणखणीत आवाजात शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला म्हणत, “प्लीज, यू टेक, माय वाइफ मेड.” मी म्हणायचो, “बाबा, हळू बोला ना.” ते आवाज बारीक करत आणि दोन मिनिटांत विसरत. डोंबिवलीकरांच्या ताईचं पॉसम पार्क म्हणजे मोटेलच्या न्हाणीघरात लावलेला राइस कुकर. त्याची वाफ दाराखालून कॉरिडॉरमध्ये जायची आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. कोल्हापूरच्या मित्राचे वडील ऑगस्टमध्येही माकडटोपी घालत. आम्हाला त्या वेळी लाज वाटली, हे मी आज लपवत नाही. त्या लाजेखाली काय होतं ते आम्हाला त्या गालिच्यावर पहिल्यांदा दिसलं, कारण पडद्यावर मॅक्स पळून गेल्यावर कॅमेरा गूफीच्या चेहऱ्यावर थांबतो. लहानपणी गाडीच्या मागच्या सीटवरून आम्हाला आमच्या बाबांचा फक्त पाठमोरा मानेकडचा भाग दिसायचा. चेहरा कधी दिसलाच नव्हता.

सूपचा प्रसंग तर आमच्या सहाही घरांत घडून गेला. रात्री जंगलात ते दोघं गाडीत अडकलेत, बाहेर तो बिगफूट नावाचा केसाळ राक्षस, आत गूफी गाडीतल्या सिगारेट-लायटरवर सूपचा डबा गरम करतो. सूपमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे पिठाचे तुकडे असतात. मॅक्स लहान असताना त्या अक्षरांतून बापाला निरोप लिहायचा, ते गूफीला आठवतं. मॅक्सही विसरलेला नसतो. आमच्याकडे ते डबे येत नसत, मांसाचा रस असेल म्हणून आई हातही लावत नसे. पण त्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीने खिरीतल्या शेवया निथळून ताटाच्या कडेला ‘बाबा’ लिहिलं. दुसरा ‘बा’ थोडा घसरला होता. बाबांनी जेवण संपवलं, हात धुतले, परत येऊन बसले, आणि आईने ताट उचलायला हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे जरा.”

मला मात्र सगळ्यांत खोल लागला तो नकाशा. मॅक्स पेन्सिलने मार्ग खोडून लॉस एंजेलिसचा मार्ग काढतो. आणि नेमकं त्यानंतर गूफी ठरवतो, की आता हुकूम पुरे. तो लेकाच्या हाती नकाशा देतो, यापुढे वाट तू सांगायचीस म्हणतो. विश्वास आणि दगा एकाच कागदावर. पुढे पीट, गूफीचा शेजारी, जो पोराला सतत अंगठ्याखाली ठेवावं या मताचा आहे, मोटेलमध्ये गूफीला सांगतो की तुझ्या मुलाने तुला फसवलंय. गूफी मानायला तयार नाही. मग एकटा गाडीत बसून खण उघडतो आणि बघतो. दुसऱ्या दिवशी रस्ता दोन दिशांना फुटतो तिथवर तो गप्प गाडी नेतो आणि फक्त विचारतो, कुठे वळू? नकाशा तो हिसकावून घेऊ शकला असता. त्याऐवजी त्याने पोराला खरं बोलायची एक शेवटची संधी दिली. मॅक्स ती घालवतो. पुढे ब्रेक न लावलेली गाडी घरंगळत नदीत जाते, आणि वाहत्या गाडीवर दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. मी आता लहान नाही, माझं स्वतःचं आयुष्य आहे, असं मॅक्स ओरडतो. ते मला ठाऊक आहे, मला फक्त त्यात थोडी जागा हवी होती, असं काहीसं गूफी सांगतो. बिल फार्मर १९८७ पासून गूफीला आवाज देतात. त्या विनोदी, घोगऱ्या आवाजात इतकं दुखणं मावतं, हे मी कितीदाही ऐकलं तरी मला नवंच वाटतं.

पुढे ते लॉस एंजेलिसला पोचतात, मासे धरायला गळ टाकण्याची घराण्यात चालत आलेली लकब रंगमंचावर नाच होते, पॉवरलाइनचं गाणं टेव्हिन कॅम्पबेल गातो आणि अकरा मुलं गालिच्यावर गळ टाकत नाचतात. खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा आपटला गेल्याचं आठवतं.

आमच्या घरी नकाशा माझ्या मांडीवर असायचा. बाबा चालवणार, आई डबे आणि बहीण सांभाळणार, आणि मी पुढच्या सीटवर रँड मॅकनॅलीचं मोठं अ‍ॅटलास उघडून एक्झिट सांगणार. माझं इंग्रजी चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे आलं, अशी माझी समजूत. ऑगस्ट १९९६ मध्ये आम्ही नायगाराला निघालो. मला जायचं नव्हतं. शाळेतली मुलं समुद्रावर जाणार होती, मला त्यांच्यात जायचं होतं, आणि आदल्या रात्री त्यावरून मी बाबांना नको ते बोललो होतो. तुमच्या सहली मला नकोत, असं. ते काही बोलले नाहीत. सकाळी अ‍ॅटलास नेहमीसारखं माझ्या सीटवर ठेवलेलं होतं.

न्यू जर्सी ओलांडून आय-८० ने पश्चिमेला जायचं, पोकोनो डोंगरात आय-३८० ला उजवीकडे फुटायचं, स्क्रँटनजवळ आय-८१ धरून उत्तरेला सिराक्यूज, तिथून आय-९० ने बफेलो. मी कानाला वॉकमन लावून बसलो होतो. ३८० ची पाटी जवळ आली. बाबांनी विचारलं, “इथे?” मी पान न बघताच म्हणालो, “सरळ.” सरळ गेलो. कितीतरी मैल गेल्यावर माझ्या लक्षात आलं आणि घाम फुटला. मी गाणं बंद केलं, सांगितलं. बाबा म्हणाले, “असं होय? बरं, भूक लागली असेल. थांबू.” विश्रांतिस्थळावर दशम्या सोडल्या गेल्या. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं, तरी मी त्या दिवशी त्यांना हळू बोला म्हणालो नसतो. मग पुढे थेट आय-८१ लागला, तोच आम्हाला उत्तरेला स्क्रँटनला घेऊन गेला. वाट वाकडी झाली एवढंच. कॅनडाचा व्हिसा नव्हता, म्हणून धबधबा अमेरिकेच्या बाजूनेच पाहिला. निळे प्लास्टिकचे रेनकोट घालून चौघं मेड ऑफ द मिस्टच्या बोटीत भिजलो. बाबांनी छत्तीस फोटोंचा अख्खा रोल तिथे संपवला आणि एकाही फोटोत ते स्वतः नाहीत.

परतीच्या वाटेवर रात्री बहीण आणि आई मागे झोपल्या होत्या. मी निघण्याच्या आदल्या रात्रीच्या बोलण्याबद्दल काही म्हणणार होतो. म्हणालो नाही. “पुढचा कुठला?” त्यांनी विचारलं, आणि मी टॉर्चच्या उजेडात बघून नीट सांगितला.

ती अकरा मुलं आता चाळिशीच्या आसपास आहेत, कुणी टेक्सासला, कुणी पुण्याला परत. तरी गट म्हणून एकमेकांना काही पाठवायचं झालं तर गूफीचंच काही पाठवतात. फक्त आमचाच नव्हता तो चित्रपट, हे मला उशिरा कळलं. कृष्णवर्णीय अमेरिकन घरांनी त्यावर आमच्याहून जास्त प्रेम केलंय. पॉवरलाइनच्या गाण्यात त्यांना आपला सूर ऐकू आला. २०२२ मध्ये ‘अटलांटा’ मालिकेने एक अख्खा भाग या चित्रपटाच्या काल्पनिक माहितीपटावर खर्च केला. २०२५ मध्ये तिसाव्या वर्षी त्याच्या निर्मितीवर खरा माहितीपटही आला. आमच्यासारखी, त्यांच्यासारखी, निरनिराळी माणसं एकाच जुन्या गाडीत बसली होती, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबा-आईंचं एडिसनचं घर आवरायला गेलो. दोघं आता सांगलीला असतात. माळ्यावरच्या खोक्यात ते अ‍ॅटलास निघालं, कडा कुरतडलेलं. पेनसिल्व्हेनियाच्या पानात घडी केलेला एक कागद होता. बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीने, देवनागरी आकड्यांत: ८०, ३८०, ८१, ९०. प्रत्येकापुढे मैल, टोलची सुटी नाणी किती काढून ठेवायची तेही. तारीख ऑगस्ट १९९६ ची, आमच्या निघण्याच्या आदल्या रात्रीची. आणि ३८० च्या ओळीखाली, थोडं बारीक अक्षर: “हा चुकला तरी चालेल. पुढे ८१ मिळतोच.”

कागदाच्या मागे आईचं अक्षर होतं. दशम्या चोवीस, लोणचं, कापूर, रेनकोट नकोत तिथे देतात.