पॅरिसमधला पहिला शब्द : ‘बोंझूर’

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जात आहेत. त्यांच्या मागोमाग आईवडीलही विमानात बसू लागले आहेत. फ्रान्सला जाणाऱ्यांना एकच भीती असते, ती भाषेची. आम्ही चौघे मित्र आठ दिवस पॅरिसमध्ये राहून आलो. वीस-पंचवीस शब्दांवर तिथे सुखाने निभावते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र त्या शब्दांचा क्रम पाळला पाहिजे.

पहिला शब्द ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार. संध्याकाळी ‘बोंस्वार’. दुकानात शिरताना, तिकीट खिडकीपाशी, बसमध्ये चढताना चालकाला, प्रत्येक ठिकाणी आधी हाच शब्द. आमच्या मुक्कामाजवळ पावाचे दुकान होते. सकाळी रांग लागे. कामगार असो की शाळकरी पोर, आधी ‘बोंझूर मादाम’, मग ‘युन बागेत, सिल वू प्ले’, म्हणजे ‘एक लांब पाव द्या, कृपया’. पाव हाती आला की ‘मेर्सी’ आणि निघताना ‘ओ रव्वार’. एका परदेशी पाहुण्याने नुसते बोट दाखवून पाव मागितला. दुकानदारीणबाईंनी त्याच्याकडे पाहून सावकाश ‘बोंझूर’ म्हटले आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली. उत्तर आल्यावरच पाव दिला. पुष्कळ प्रवासी तिथली माणसे तुसडी आहेत असे सांगतात. बहुधा त्यांनी नमस्काराआधीच मागणी केलेली असते.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, तसे फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘वू’ आहे. ‘त्यु’ घरच्यांना, मित्रांना आणि लहान मुलांना. अनोळखी प्रौढ माणसाला ‘वू’च. हॉटेलात ताट आणणारा, रस्ता झाडणारा, बँकेतला साहेब, सर्वांना ‘वू’. पुरुषाला ‘मस्य’, बाईला ‘मादाम’. ‘मस्य’ शब्दाचा मूळ अर्थ ‘माझे धनी’. एके काळी तो मानमरातबाच्या लोकांपुरताच होता. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर क्रांतिकारकांनी तो टाकला, सर्वांना ‘नागरिक’ म्हणा आणि ‘त्यु’ म्हणा, असा आग्रह धरला. ती रीत टिकली नाही. ‘मस्य’ परत आला, पण पुढे तो सर्वांचा झाला. अविवाहित मुलीसाठीचा ‘मादम्वाझेल’ हा शब्दही २०१२ साली सरकारी कागदपत्रांतून काढण्यात आला. म्हणून प्रौढ स्त्रीला ‘मादाम’च म्हणावे, लग्न झाले की नाही याची चौकशी नको.

आपल्याकडे माणसाचे काम आणि जात पाहून ‘अहो’ की ‘अरे’ ते ठरत असे. आपल्या आजोबांना गावातली शेंबडी पोरेही ‘अरे-तुरे’ करीत. ‘जोहार’ सोडून ‘जयभीम’ म्हणू लागलेल्या माणसाला अभिवादनाचे मोल निराळे सांगायला नको. फ्रान्समध्येही गरीब-श्रीमंत आहेत, गोऱ्या-काळ्याचा भेदही आहे. तरी पावाच्या दुकानातली ही सकाळची रीत घेण्यासारखी आहे.

आता उच्चाराकडे वळू. शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा गिळतात. खुद्द पॅरिसला ते ‘पारी’ म्हणतात. त्यांचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून निघतात. ‘प’ आणि ‘क’सुद्धा आपल्यासारखेच. इंग्रजाला जे जड जाते ते मराठी जिभेला सोपे आहे. ‘र’ तेवढा घशातून काढावा लागतो. नाही जमला तरी काम अडत नाही.

वहीत लिहून ठेवावीत अशी वाक्ये :

‘पार्दों’ – माफ करा, जरा वाट द्या.
‘पार्ले वू आँग्ले?’ – आपण इंग्रजी बोलता का?
‘झ न कोंप्राँ पा’ – मला समजत नाही.
‘से कोंब्याँ?’ – किती झाले?
‘ऊ सों ले त्वालेत?’ – शौचालय कुठे आहे?
‘साँ व्याँद’ – मांसाशिवाय.
‘ओ स्कूर!’ – वाचवा! (संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा.)

खानावळीत जेवताना ‘युन काराफ दो, सिल वू प्ले’ म्हणा. नळाच्या पिण्याच्या पाण्याची सुरई येते आणि तिचे पैसे पडत नाहीत. नुसते ‘पाणी’ मागितले तर विकतची बाटली येण्याचा संभव असतो. जेवण झाल्यावर ‘लादिस्यों’, म्हणजे बिल, मागावे लागते. मागितल्याशिवाय बहुधा ते आणत नाहीत. मेट्रो १९०० सालापासून धावते आहे. तिच्या स्टेशनांत ‘सोर्ती’ लिहिलेली पाटी बाहेरचा रस्ता दाखवते आणि ‘कोरेस्पोंदाँस’ची पाटी गाडी बदलण्याचा.

आकडे मात्र गमतीचे आहेत. सत्तरला ते ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीला ‘चार विसा’ आणि नव्वदला ‘चार विसा दहा’. शाळेत न गेलेल्या आपल्या आज्या विसाविसाने पैसे मोजत, तोच हा हिशेब. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा पॅरिसच्या बाजारात जाऊन भाव ऐकावेत.

पालकांना आमची एवढीच सूचना आहे. मुलगा-मुलगी निघायच्या आधी ही वाक्ये घरात मोठ्याने म्हणवून घ्या. वाक्ये विसरली तर कागदावर बघता येतील, पण समोरच्या माणसाला आधी नमस्कार करायची सवय विमानतळावर विकत मिळत नाही. ती घरातूनच न्यावी लागते.