कुकीतला मोह

मऊ चॉकलेट कुकीत बेदाणेच हवेत, हा हट्ट गोंदियात तरी सोडावा. देवरी-सालेकसाच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. वाळली की तपकिरी, चिवट, थेट बेदाण्यासारखी. त्यांतली साखर ओल धरून ठेवते, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते (कडा घट्ट, मध्य अजून लिबलिबीत असतानाच ती ओव्हनमधून काढली असेल तर!). दारूचा वास येईल, ही शंका ठरलेली. पण दारू फुलं आंबवून, मग गाळून होते. नुसत्या वाळल्या फुलांत ती नसते. उग्र दर्प असतो, हे खरं. कोकोच्या कडवटपणाने तो बराचसा झाकला जातो. २०२१ साली राज्याने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंधही उठवले. तेव्हा आतले केसर झाडा, फुलं धुऊन कोमट पाण्यात भिजवा, निथळा आणि बारीक चिरून पिठात घाला.