आधी ओव्हरड्राइव्ह, मग ताकद

माझ्या मामेभावाने इंग्लंडात 1972 ची एमजीबी घेतली. फोनवर पहिलाच प्रश्न, "भाई, इंजिनाची ताकद कशी वाढवू?" पैसे एकाच कामापुरते. मी म्हटलं, ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स घे. 1798 सीसीचं हे इंजिन ताशी 70 मैलांना मिनिटाला सुमारे 3900 फेरे घेतं. ओव्हरड्राइव्ह लावला की 3200. वेग तोच, दमछाक कमी. शिवाय बॉडी कापावी लागत नाही. ताकद आधी वाढवलीस, तर तिचा भार पन्नास वर्षांच्या क्लचवर, गिअरबॉक्सवर, मागच्या एक्सलवर येईल. कच्चं असेल ते आधी तुटेल. आणि काढलेला गिअरबॉक्स भंगारात देऊ नकोस. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर तो हक्क त्याचाही आहे.