निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

ज्या चुकीनें शिक्षकालाच धडा मिळतो ती त्यानें झांकून ठेवूं नये, म्हणून गेल्या पावसाळ्यांतील एक गोष्ट विद्यार्थिमित्रांना व पालकवर्गाला सांगतों.

आमच्या तिसरीच्या वर्गास 'पाणी' हा विषय शिकवावयाचा होता. मीं वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार प्रयोग मांडले व मुलांच्या चार टोळ्या केल्या. पहिल्या कोपऱ्यांत एक लिटर पाण्याचें वजन सुमारें एक किलो भरतें हें तराजूनें ताडून पाहावयाचें. दुसऱ्यांत ओली पाटी उन्हांत व सावलींत किती वेळानें वाळते हें मोजावयाचें. तिसऱ्यांत बर्फाचा खडा पाण्यावर तरंगतो हें पाहावयाचें. आणि चौथ्यांत ओढ्याच्या गढूळ पाण्यांत तुरटी फिरवावयाची. दर दहा मिनिटांनीं घंटा वाजली कीं प्रत्येक टोळीनें पुढच्या कोपऱ्यांत जावें, असा नियम होता.

चौथा कोपरा सर्वांचा आवडता ठरला. तुरटीच्या योगानें मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, जड होतात व तळाशीं बसतात. शेवटच्या टोळीची पाळी आली तेव्हां वरचें पाणी अगदीं निवळलें होतें. त्या टोळींतील एका मुलानें पेला भरला आणि पिऊन टाकला. मीं तें पाहिलें. परंतु घंटेची वेळ झाली होती, "तहान लागली वाटतें!" असें म्हणून मी हंसलों व घंटा वाजविली.

पुढें तीन दिवस तो मुलगा शाळेंत आला नाहीं. त्याचें पोट बिघडलें होतें. मी घरीं गेलों व झालेला प्रकार सांगितला. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, पाण्याचा काय दोष? पावसाळ्यांत आम्ही सारीं तुरटी फिरवलेलेंच पाणी पितों. शाळेंतही असेंच शिकवतात म्हणून पोरगा सांगत होता."

त्या एका पेल्यानेंच तो आजारी पडला असें मी म्हणूं शकत नाहीं. पण त्या घरांतील गैरसमजावर माझ्या वर्गानें शिक्कामोर्तब केलें होतें, हें खरें. तुरटीनें गाळ बसतो. रोगजंतु मरतीलच असें नाहीं.

पुढच्या सोमवारीं मीं पांचवा कोपरा मांडला. तेथें शेगडी होती व तिच्याजवळ मी स्वतः उभा राहिलों. चौथ्या कोपऱ्यांतील पाणी घेऊनच टोळीनें पुढें यावें, तें उकळावें, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट खळखळूं द्यावें व झांकून निवूं द्यावें. तोंवर मीं मुलांना लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची हकीकत सांगितली. त्याचें पाणी आवडतें म्हणून दूर राहणारी एक बाई तें मुद्दाम मागवीत असे. १८५४ सालच्या पटकींत तीही दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनीं कोण कोठलें पाणी पीत होतें याची घरोघर चौकशी केली, तेव्हां त्या पंपाचा दोष उघडकीस आला.

बाहेरून स्वच्छ पण आंतून मळकट अशा प्याल्याचा दाखला प्रभु येशूनें दिला आहे. तो मीं अनेक वेळां इतरांना समजावून सांगितला होता. त्या दिवशीं तो मला स्वतःला लागू पडला.

पालकांना एवढीच विनंति कीं, तुरटी अवश्य फिरवा. पण त्यानंतर तें पाणी उकळल्यावांचून मुलांच्या हातीं देऊं नका.