आधी पाणी पाळा!

‘मामा, येताना ॲक्सोलॉटल आणशील?’

भाच्याचा फोन. स्थळ धाराशिव, वेळ एप्रिलचा शेवटचा आठवडा. आठवीची परीक्षा नुकतीच संपलेली. बक्षीस म्हणून पोरं सायकल मागतात, मोबाइल मागतात. आमच्या भाचेबुवांना थेट मेक्सिकोचा पाहुणा हवा होता!

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी फंडा क्लिअर करतो. ॲक्सोलॉटल म्हणजे मासा नाही आणि पालही नाही. तो सॅलमँडर, म्हणजे बेडकाचा लांबचा नातेवाईक. वीतभर लांब, रुंद हसरं तोंड आणि मानेशी पिसांसारखे फुललेले कल्ले. बाकीचे बरेच सॅलमँडर मोठे झाले की पाणी सोडून जमिनीवर येतात. हा पठ्ठ्या मोठा होतच नाही! आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो आणि तिथेच संसार थाटतो. पाय तुटला तर नवा उगवतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. २०२१ मध्ये तो माइनक्राफ्ट गेममध्ये आला आणि जगभरची पोरं वेडी झाली. त्याच वर्षी मेक्सिकोने त्याला ५० पेसोच्या नोटेवरही बसवलं.

आता सख्खा भाचा मागतोय म्हटल्यावर मामाने ‘आणतो रे’ म्हणायचं असतं. पण माझी जीभ उचलेना. कारण २०२२ च्या मे महिन्यात मी एक ॲक्सोलॉटल मारलाय.

‘मारलाय’ हाच शब्द बरोबर आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना दुकानात दिसला, प्रेमात पडलो, टँकसकट उचलून पुण्यातल्या फ्लॅटवर आणला. त्याच रात्री नळाचं पाणी भरलं, रंगीत खडे पसरले, निळा लाइट लावला, फोटो काढले. थर्मामीटर घ्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. दिवसभर मी एसी ऑफिसात आणि तो बंद, तापलेल्या घरात. चौथ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. कल्ल्यांची टोकं पुढे वळली. मला वाटलं, रुसलाय. बाराव्या दिवशी दुपारभर लाइट गेली होती. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा तो उलटा तरंगत होता. दोष दुकानदाराचा नाही, उन्हाळ्याचाही नाही. सगळा माझा.

म्हणून या वेळी बॅगेत दोनच गोष्टी टाकल्या : एक थर्मामीटर आणि एक पाणी तपासायचा किट. ते बघून भाच्याचं तोंड एवढंसं झालं. मी डील टाकलं. ‘दोन दिवस आपण जिल्हा फिरायचा. या ॲक्सोलॉटलला लागतं १६ ते १८ डिग्रीचं पाणी. २२-२४ च्या वर गेलं की तो आजारी पडतो. तुझ्या धाराशिवात १८ डिग्रीचं पाणी सापडलं, तर पुढच्या खेपेला घेऊन येतो.’

‘डन!’ भाचा म्हणाला.

पहिला स्टॉप : घर

गच्चीवरच्या काळ्या टाकीत दुपारी दोनला थर्मामीटर बुडवलं : ३९! बोअरचं ताजं पाणी २८. शेवटी स्वयंपाकघरातला माठ : २५. भाचा हरखला. ‘मामा, फ्रिजशिवाय एवढं?’

सोफ्यावरून दाजी म्हणाले, ‘पाव्हणं, पाळायचंच आसंल तर शेळी पाळा की! आपल्या उस्मानाबादी शेळीला ना एसी लागतो ना थर्मामीटर. वर दूध देती.’

यात जोक कमी आणि शहाणपण जास्त होतं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, शेळीच्या जातीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं. काळीभोर, काटक. दुष्काळी माळावर जे मिळेल ते खाऊन जगणारी आणि जुळी करडं देणारी. तिला या हवेनेच घडवलंय. आपला ॲक्सोलॉटल मात्र मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवरची तळी आणि कालवे. धाराशिव साधारण साडेसहाशे मीटरवर. अख्ख्या महाराष्ट्रात एकही रानटी सॅलमँडर नाही. भारतातले सापडतात ते दार्जिलिंगकडे आणि ईशान्येच्या डोंगरांत. म्हणजे आपण जे मागत होतो, ते फार लांबचं होतं.

पण एक सरप्राइजही मिळालं. बोअरच्या ज्या पाण्याला ताई रोज शिव्या घालते (‘डाळ शिजत नाही, गिझरला खपली धरते’), ते किटमध्ये चांगलंच जड निघालं. आणि ॲक्सोलॉटलला थोडं जडच पाणी मानवतं! भाच्याने लगेच वहीत लिहिलं : ‘पाणी पास, तापमान नापास.’

दुसरा स्टॉप : तेर

माठाने २५ करून दाखवलं, तर कुंभारांच्या गावालाच का जाऊ नये? तेरणेकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. रोमन काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नाव असलेलं मोठं व्यापारी गाव. इथला माल तेव्हा भडोच बंदरापर्यंत जायचा. लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. विटांचं त्रिविक्रम मंदिर तर मस्टच! पण मराठी माणसासाठी तेर म्हणजे संत गोरोबाकाका. व्यवसायाने कुंभार.

मंदिरात दर्शन घेतलं आणि बाहेर सावलीत बसून भाच्याला माठाचं गणित सांगितलं. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. टँकवर छोटा पंखा लावला तर हेच घडतं. म्हणून दमट मुंबईपेक्षा कोरड्या धाराशिवात पंख्याची युक्ती जास्त चालते. पण तिलाही मर्यादा आहे. हवेत जेवढा कोरडेपणा, तेवढंच पाणी गार होणार. भर उन्हाळ्यात इथला माठ फार तर विशीच्या वरच्या आकड्यांत येऊन थांबतो. अठरा? नाव काढू नका.

मग त्याला गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाई म्हणाल्या, ‘काका, यातलं कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं, ते सांगा.’ काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हळूच मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे.

‘टँकचंही असंच असतं,’ मी म्हणालो. ‘दिसायला भरलेला, चकाचक, पण आतून कच्चा. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते आठ आठवडे लागतात. तोवर टँक म्हणजे कच्चं मडकं.’

‘आणि तू?’ भाच्याने विचारलं. ‘तू किती आठवडे थांबला होतास?’

मी उत्तर दिलं नाही. त्याला ते कळलं असावं.

तिसरा स्टॉप : नळदुर्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजापूरला भवानीचं दर्शन आणि तिथून नळदुर्ग. हा किल्ला एकदा तरी बघाच, बॉस! बोरी नदीवर बंधारा घालून मुख्य किल्ला शेजारच्या रणमंडळाला जोडलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल आहे, पाणीमहाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. चांगल्या पावसात बंधारा भरून वाहतो, तेव्हा ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात. महालात उभं राहिलं तर डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा आणि आपण आत कोरडे.

आम्ही गेलो तेव्हा अर्थातच धबधबे नव्हते. बाहेर दगड भाजत होते. पायऱ्या उतरून आत गेलो आणि दोघंही एकदमच ‘आहा!’ म्हणालो. बाहेर सावलीत ४०, आत ३१. मोटर नाही, वायर नाही. जाड दगडी भिंत, सावली आणि शेजारी पाणी, बस्स. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी आधी पाण्याचा विचार केला आणि मग महाल बांधला. मी नेमका उलटा क्रम लावला होता.

भाचा बराच वेळ झरोक्याशी उभा होता. मग म्हणाला, ‘मामा, त्यांच्या तिकडं तरी अठरा डिग्री पाणी उरलंय का?’

हा खरा प्रश्न. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले गेले होते. २०१४ मध्ये उरले ३६. शहर वाढलं, कालव्यांत सांडपाणी आलं, बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया त्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागले. जगभरच्या टँकांमध्ये मात्र ते ढिगाने आहेत. १८६४ च्या सुमारास मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल पोचले आणि युरोपातल्या पाळीव वंशाची सुरुवात त्यांच्यापासून झाली. म्हणजे गंमत बघा : प्राणी संपला नाही, त्याचं पाणी संपलं.

हे वाक्य धाराशिवच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. नळ काही दिवसांआड येणार, हे त्याने जन्मापासून पाहिलंय. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते घरात अजून बोललं जातं. त्याने स्वतःच हिशेब मांडला : शंभर लिटरचा टँक, आठवड्याला वीस-पंचवीस लिटर पाणी बदलायचं. ‘ते जुनं पाणी आईच्या कुंड्यांना घालू. त्यात नायट्रेट असतंय ना, खतच की!’ मी पाच वर्षं टँक सांभाळतोय, हे मला सुचलं नव्हतं.

निकाल

धाराशिवला परतल्यावर गुलाबजाम चेपत मीटिंग झाली. अठरा डिग्री कुठेच सापडलं नव्हतं. थंडीत चालून जाईल, पण मार्च ते जून चिलर लागणार. तो टँकपेक्षा महाग. वर लाइट गेली तर इन्व्हर्टर हवा. बर्फाच्या बाटल्या टाकणं म्हणजे फक्त इमर्जन्सी. रोज टाकल्या तर पाणी खाली-वर होऊन प्राण्याला ताण येतो.

मी म्हटलं, ‘डील हरलास.’ तो म्हणाला, ‘टँक तर लावू. आत कुणी नको.’

म्हणून लावला. तळाशी काही नाही, एक मंद फिल्टर, वर पंखा, आत नुसतं पाणी. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, ‘ह्यो आमचा अदृश्य मासा!’ भाचा रोज चिमूटभर खाद्य टाकायचा, कुजू द्यायचा, अमोनिया मोजायचा. सकाळ-दुपार-रात्र तापमान लिहायचा. मला रोज फोटो यायचा, प्राण्याचा नव्हे, वहीच्या पानाचा.

सातव्या आठवड्यात मेसेज आला : ‘अमोनिया ०. नायट्राइट ०. जिवाणू पास!’ मी अक्षरशः ऑफिसात उडी मारली. मनातल्या मनात दुकानदाराशी बोलणंही झालं. दोन मिनिटांनी दुसरा मेसेज आला.

‘पण पंखा लावून पण २४ च्या खाली येत नाही. आणू नको, मामा. मडकं अजून कच्चंय. चिलरचे पैसे साठवतोय.’

अमोनिया मोजायला मी शिकवलं होतं. थांबायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सुरुवात करायचीय? मग हे वाचा

• एका ॲक्सोलॉटलला किमान ७५ ते १०० लिटरचा टँक. झाकण हवंच, तो उडी मारू शकतो.
• आधी टँक सायकल करा, मग प्राणी आणा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं औषध टाका.
• खडे नकोत, तो गिळतो आणि पोटात अडकतात. तळ मोकळा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू घाला.
• झगझगीत लाइट नको. लपायला जागा हवी. सोबत मासे नकोत; एक तर तो त्यांना खाईल, नाही तर ते त्याचे कल्ले कुरतडतील.
• खायला गांडुळं बेस्ट. फवारणी झालेल्या शेतातली मुळीच नकोत. गांडूळखतातली लाल गांडुळं कडवट असतात, बरेचदा तो थुंकून टाकतो.
• हा प्राणी आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून कागदपत्रं मागून घ्या.
• कंटाळा आला म्हणून विहिरीत, तळ्यात सोडू नका. कधीच!

कसं जाल?

पुण्याहून टेंभुर्णी-बार्शी मार्गे धाराशिव सुमारे अडीचशे किलोमीटर. मुंबई-लातूर एक्स्प्रेसही थांबते. तुळजापूर अर्ध्या तासावर. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद हायवेवर. धबधबे बघायचे तर भरपूर पाऊस झाल्यावर जा. माठाचं पाणी प्यायचं तर एप्रिलमध्ये!