पळून गेलेला बाप

फ्रान्सच्या आल्प्समधल्या एका स्की हॉटेलची गच्ची. टोमस, एबा आणि त्यांची दोन मुलं, व्हेरा आणि हॅरी, हे स्वीडिश कुटुंब जेवायला बसलंय. समोरच्या डोंगरावर मुद्दाम स्फोट करून बर्फ खाली पाडतात. तिथलं हे नेहमीचंच काम. टोमस हौसेने मोबाइलवर चित्रण करतो. पण बर्फाचा लोट थांबत नाही, थेट गच्चीवर चालून येतो. एबा मुलांना कवटाळते. टोमस मोबाइल आणि हातमोजे उचलून पळत सुटतो.

आलेला असतो तो नुसता बर्फाचा धुरळा. तो खाली बसतो, टोमस परत येतो आणि सगळे पुन्हा जेवू लागतात.

रुबेन ओस्टलुंड यांच्या २०१४च्या ‘फोर्स मजूर’ या चित्रपटाची खरी गोष्ट इथून सुरू होते. भीतीने पाय सुटले, हा काही गुन्हा नव्हे. खरा घाव पुढे बसतो, कारण टोमस ते कबूलच करत नाही. परक्या माणसांसोबत जेवताना एबा तो प्रसंग सांगते, तर तो शांतपणे सांगतो की आपल्याला तसं आठवत नाही. त्या क्षणी एबा गच्चीवर होती त्याहून एकटी पडते. पुढे मित्र मॅट्स आणि त्याची मैत्रीण फॅनी यांच्यासमोर मोबाइलवरचं चित्रणच लावलं जातं. मुलांना सोडून जो मोबाइल वाचवला, तोच साक्षीला उभा राहतो! मॅट्स मित्राची बाजू सावरायला जातो आणि स्वतःच अडकतो. तूही पळाला असतास, असं फॅनी म्हणते आणि त्यांची रात्र त्याच वादात जाते. बघताना हसू आवरत नाही, पण शेजारी बसलेल्या बायकोकडे बघायचा धीरही होत नाही.

‘कर्ता पुरुष’ हे ओझं समतेचा आग्रह धरणाऱ्या स्वीडनमध्येही खांद्यावरून उतरलेलं नाही. टोमस अखेर हॉटेलात ओक्साबोक्शी रडतो, तेव्हा बापाला सावरायला मुलांनाच त्याच्या अंगावर पडावं लागतं. हा प्रसंग विनोदी आहे आणि असह्यही.

दिग्दर्शक एबालाही देव्हाऱ्यात बसवत नाही. परतीच्या घाटात बसचालक वळणांवर चुकू लागतो, तेव्हा घाबरून आधी खाली उतरते ती एबाच.

ओस्टलुंड यांना पुढे २०१७ आणि २०२२ साली कान चित्रपट महोत्सवात पाम द’ओर पारितोषिक मिळालं. तरी त्यांचा सर्वांत अचूक चित्रपट हाच.