घोड्याचे घर

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा विकत घेणे हे एका दिवसाचे काम. त्याला घर देणे हे मात्र वर्षानुवर्षांचे व्रत होय.

नव्या धन्यापुढे दोन वाटा असतात. जागा ऐसपैस असेल तर स्वतःचा तबेला बांधावा. नसेल तर दरमहा खर्च देऊन दुसऱ्याच्या पागेत घोडा ठेवावा. पहिल्या वाटेत खरारा, चंदी, लीद काढणे ही सारी कामे धन्याच्याच अंगावर पडतात. दुसरीत ती मोतद्दार करतो. जागा कोठेही असो, ती साधारणतः १२ फूट लांब व तितकीच रुंद, हवेशीर आणि कोरडी हवी. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो खरा. परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. सतत ओलीत उभे राहिल्यास त्याचे खूर कुजू लागतात.

शिवाय घोडा हा कळपात राहणारा प्राणी. एकटेपणाने तो झुरतो. म्हणून सोबत्यांनी गजबजलेली साधी पागा त्याला एकाकी तबेल्याहून अधिक सुखाची वाटते. मात्र घोडा पागेत ठेवला, तरी धन्याने त्याला वरचेवर भेटावे. मोतद्दारावर घोड्याचे काम सोपवता येते, माया नव्हे.